मेंदूला लागलेला मुका मार

(कौटुंबिक हिंसेच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात एका डॉक्टर मैत्रिणीने केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'मेंदूचे चित्रण व मेंदूविज्ञानातील नवे संशोधन' असा छापला आहे. तो वाचून तुमच्यापैकी काहीजणींना वाटलं असेल, हा आपला विषय कसा? आपल्या केंद्रात बाई येते ती मार खाऊन, पोर काखेला मारून, मिळेल ती एस.टी. पकडून. तिच्यापुढे निवारा, पोटगी, पोलीस चौकी हे प्रश्न असतात. तिथे मेंदूची चित्रं बघायला वेळ कुणाला आहे?

मला त्याच बाईबद्दल बोलायचं आहे. ती काय सांगते ते आठवा. "कानशिलात ठेवून दिली, तेव्हापासून कानात सारखा आवाज येतो." "झिंज्या धरून डोकं भिंतीवर आपटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली." "गळा दाबला, पुढचं काही आठवत नाही." नोंदवहीत या तिन्ही वाक्यांचा एकच शब्द होतो, 'मारहाण'. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं जातं, 'मुका मार, उघडी जखम नाही'. आणि पोलीस चौकीत विचारलं जातं, "रक्त कुठं आलंय?"

मग काही आठवड्यांनी आपणच तिच्याबद्दल आपापसात बोलू लागतो. ती तारखा विसरते. दर वेळी हकीगत वेगळ्या क्रमानं सांगते. दिलेला फॉर्म अर्धा भरून बसते. कोर्टाची तारीख चुकवते. कधी एकदम चिडते, कधी नुसती बघत राहते. याला आपण भीती म्हणतो, खच्चीकरण म्हणतो, आणि ते खरंच असतं. पण आणखी एक कारण असू शकतं. तिच्या मेंदूला इजा झालेली असू शकते. ही इजा बाहेरून दिसत नाही, साध्या तपासणीत सापडत नाही आणि म्हणून कुठल्याच कागदावर येत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं संशोधन याबद्दल काय सांगतं, आणि त्याचा आपल्या कामात कसा उपयोग करायचा, एवढंच मी आज मांडणार आहे.

कवटीच्या आत काय होतं

मेंदू हा मऊ अवयव आहे. घट्ट खिरीसारखा म्हटलं तरी चालेल. तो कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोक्याला जोराचा हिसका बसला की कवटी थांबते, पण मेंदू आतल्या आत हलतो, पिळवटला जातो. त्यासाठी कवटी फुटावी लागत नाही. डोकं कुठे आपटलंही नाही, नुसतं खांदे धरून गदागदा हलवलं, तरी हे होऊ शकतं.

मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे निरोप नेणारे लांब, अतिशय बारीक तंतू असतात. पिळवटल्यावर ते ताणले जातात. काही लगेच तुटतात, काही आधी सुजतात आणि काही तासांनी किंवा दिवसांनी तुटतात. म्हणून मार खाल्ल्यावर उठून चालती-बोलती झालेली बाई दोन दिवसांनी जास्त बिघडलेली दिसू शकते. शुद्ध हरपायलाच हवी असंही नाही. क्षणभर गोंधळणं, काय झालं ते न आठवणं, चांदण्या चमकणं, तोल जाणं ही सगळी मेंदूला धक्का बसल्याची लक्षणं आहेत. डॉक्टर त्याला कंकशन म्हणतात. पुढे डोकेदुखी राहते, उजेड आणि गोंगाट सहन होत नाही, झोप बिघडते, शब्द सापडत नाहीत, लक्ष लागत नाही.

एकदा झालेलं कंकशन विश्रांतीनं बहुतेकदा काही आठवड्यांत बरं होतं. अपघातात मार लागलेल्या माणसाला घरचे झोपवून ठेवतात. आपल्या बाईला त्याच रात्री भाकऱ्या थापायच्या असतात, आणि पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसतो. तिच्या दुखण्यात आणि अपघातग्रस्ताच्या दुखण्यात हा मोठा फरक आहे.

गळा दाबण्याचं वेगळं सांगायला हवं. त्यात डोक्याला फटका नसतो, पण मेंदूचा रक्तपुरवठा अडतो. दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध जाऊ शकते. अमेरिकेत सॅन डिएगो इथल्या पोलिसांकडे आलेल्या अशा ३०० प्रकरणांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या बायकांच्या गळ्यावर डोळ्यांना दिसेल असा एकही व्रण नव्हता. २००८ सालच्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं की ज्या बाईचा गळा जोडीदारानं आधी कधी दाबला होता, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता इतर मारहाण सोसणाऱ्या बायकांपेक्षा सातपटीहून अधिक होती. तेव्हा "नुसता गळा धरला होता" हे वाक्य ऐकलं की आपण सावध व्हायला हवं.

यंत्राला काय दिसतं, काय दिसत नाही

१८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला. त्यांनी हाडं दिसू लागली, पण मेंदू दिसेना. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रानं पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचं सीटी स्कॅन झालं. ती रुग्ण एक बाई होती आणि तिच्या मेंदूतली गाठ त्या चित्रात दिसली. आज आपल्याकडे तालुक्याच्या गावीसुद्धा पुष्कळ ठिकाणी सीटी स्कॅन होतं. ते ताजा रक्तस्राव आणि हाडाची मोड उत्तम दाखवतं. त्यानं जीव वाचतात, त्यामुळे ते टाळायचं नाही.

पण ताणलेले, तुटलेले बारीक तंतू सीटी स्कॅनला दिसत नाहीत. डॉक्टर अहवालात 'नॉर्मल' लिहितात, त्याचा अर्थ एवढाच की तातडीनं ऑपरेशन करावं असं आत काही दिसलं नाही. पोलीस आणि वकील मात्र त्याचा अर्थ 'काहीच झालेलं नाही' असा लावतात. एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये बाईची केस पडते.

त्यानंतर एमआरआय आलं. त्यात क्ष-किरण नसतात. मोठ्या लोहचुंबकाच्या साहाय्यानं शरीरातल्या पाण्याकडून संकेत मिळवून चित्र तयार होतं. या कामासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल मिळालं. एमआरआयचे दोन नवे प्रकार १९९०च्या दशकात पुढे आले आणि ते आपल्या विषयाला लागू आहेत.

पहिल्यात मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेनं सरकतं ते मोजतात. उसाच्या कांड्यात रस उभा सहज सरकतो, आडवा नाही. तंतूंच्या आतही तसंच असतं. तंतू विस्कटले की पाण्याची दिशा विस्कटते, आणि जे साध्या चित्रात दिसलं नव्हतं त्याचा अंदाज येतो. दुसरा प्रकार फंक्शनल एमआरआय. मेंदूचा जो भाग काम करतो तिथला रक्तपुरवठा बदलतो. तो बदल मोजून कुठले भाग एकमेकांबरोबर चालतात ते काढता येतं. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० साली याचा पाया घातला.

आता संशोधन दोन दिशांना चाललं आहे. एकीकडे यंत्रं प्रचंड होत आहेत. रुग्णालयातला चुंबक बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाचा असतो. फ्रान्समध्ये साक्ले इथे ११.७ टेस्लाच्या यंत्रानं २०२४ साली जिवंत माणसाच्या मेंदूची पहिली चित्रं प्रसिद्ध झाली. त्यांतला बारकावा थक्क करणारा आहे. दुसरीकडे छोटी, चाकांवर ढकलत रुग्णाच्या खाटेशी नेता येणारी, कमी ताकदीची एमआरआय यंत्रं आली. अमेरिकेत अशा यंत्राला २०२० साली परवानगी मिळाली. मेंदूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारी प्रथिनं मोजून सीटी स्कॅनची गरज आहे का हे ठरवणारी रक्तचाचणीही तिथे २०१८ साली मंजूर झाली, आणि २०२४ मध्ये ती खाटेशेजारी करता येण्याजोगी झाली. वर्तमानपत्रात बातमी पहिल्या दिशेची येते. ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या बाईच्या दृष्टीनं दुसरी दिशा महत्त्वाची आहे.

कुणाच्या मेंदूचा अभ्यास झाला

डोक्यावर वारंवार बसणाऱ्या माराचा वैद्यकीय अभ्यास १९२८ साली मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरांनी मुष्टियोद्ध्यांपासून सुरू केला. पुढे अमेरिकी फुटबॉलचा नावाजलेला खेळाडू माइक वेबस्टर २००२ साली वारला आणि त्याच्या मेंदूतल्या बदलांविषयीचा बेनेट ओमालू यांचा लेख २००५ साली आला. मग खेळाडूंनी दावे लावले, सिनेमे निघाले, आणि २०१३ साली त्यांच्या संघटित लीगनं ७६.५ कोटी डॉलर देण्याची तडजोड जाहीर केली. खेळाडूंना न्याय मिळाला तर चांगलंच आहे.

पण त्याच्याही आधी, १९९० साली, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटी नोंद छापली गेली होती. ७६ वर्षांच्या एका बाईची. नवऱ्यानं तिला वर्षानुवर्षं मारलं होतं. तिच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा त्यात मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूसारखे बदल सापडले. या नोंदीवरून कुठे दावे झाले नाहीत, चौकशी समित्या बसल्या नाहीत. रिंगणातला मार सगळ्यांना दिसला. घरातला मार डॉक्टरांसमोर टेबलावर आला तरी तो एक कुतूहलाचा नमुना राहिला.

हे चित्र बदलायला ईव्ह व्हॅलेरा या संशोधक बाईनं मोठा हातभार लावला. २००३ साली तिनं आणि हॉवर्ड बेरेनबाउमनं जोडीदाराकडून मार खाल्लेल्या ९९ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळपास तीन चतुर्थांश बायकांना मारहाणीतून किमान एकदा मेंदूची इजा झाली होती आणि निम्म्या जणींना एकाहून जास्त वेळा. इजा जितकी जास्त, तितकी स्मरणाच्या आणि नवीन शिकण्याच्या चाचण्यांत पीछेहाट, आणि उदासी व चिंताही तितकी अधिक. २०१७ साली व्हॅलेरा आणि अ‍ॅरन कुसी यांनी अशा २० बायकांचं फंक्शनल एमआरआय केलं. मेंदूच्या ज्या दोन भागांचा ताळमेळ लक्ष एकाग्र करायला लागतो, त्यांच्यातला दुवा जास्त इजा झालेल्या बायकांमध्ये बदललेला दिसला आणि स्मरणाच्या चाचण्यांशी त्याचा संबंध होता. वीस ही संख्या लहान आहे हे मी मुद्दाम सांगते. पण पहिल्यांदा कुणीतरी बघितलं.

२०१८ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत असं आढळलं की मादीच्या मेंदूपेशींचे तंतू नराच्या तंतूंपेक्षा बारीक असतात आणि सारख्याच ताणाला ते अधिक तुटतात. हा प्रयोग बशीत वाढवलेल्या पेशींवरचा आहे, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पुरुषांवर अभ्यास करून काढलेले निष्कर्ष बायकांना तसेच्या तसे लावता येणार नाहीत.

२०२३ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी तेच दुसऱ्या बाजूनं दाखवलं. जोडीदाराची हिंसा सोसलेल्या, मृत्यू पावलेल्या बायकांचे मेंदू त्यांनी तपासले. फुटबॉलपटूंच्या मेंदूत जो विशिष्ट आजार चर्चेत आहे तो त्यांत सापडला नाही. रक्तवाहिन्यांचं आणि तंतूंच्या पांढऱ्या भागाचं नुकसान मात्र सापडलं. म्हणजे १९९०ची ती बाई खरी, पण सगळ्या बायकांची कहाणी तीच नाही. खेळाडूंच्या आजाराचं लेबल आपल्या बायकांना चिकटवायची घाई आपणही करू नये.

चित्राचा पुरावा आणि चित्राची भीती

हे सगळं ऐकून वाटेल, मग प्रत्येक बाईचं हे नवीन स्कॅन करावं आणि कोर्टात लावावं. तसं नाही. ही रंगीत चित्रं फोटो नसतात. लाखो मोजमापांवर गणित करून रंग भरलेले असतात आणि गणित चुकलं तर रंग चुकतात. २००९ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी एका मेलेल्या सामन माशाला फंक्शनल एमआरआयच्या यंत्रात ठेवून माणसांची छायाचित्रं 'दाखवली'. हिशेब काळजीपूर्वक न केल्यामुळे मेलेल्या माशाचा मेंदू 'काम करताना' दिसला. हिशेबातला हाच निष्काळजीपणा दाखवण्यासाठी त्यांनी हा खटाटोप केला होता. शिवाय तंतूंचे आणि दुव्यांचे हे अभ्यास गटांच्या सरासरीचे असतात. एकट्या बाईच्या चित्राकडे बोट दाखवून "ही जखम त्या थपडेची" असं आज सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट, मेंदूवरचं यंत्र बाईच्या विरोधातही वापरलं जातं. हे आपल्या महाराष्ट्रात घडलं आहे. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका तरुण विद्यार्थिनीला खुनाच्या आरोपाखाली जन्मठेप दिली, तेव्हा इतर पुराव्यांबरोबर डोक्याला तारा जोडून मेंदूच्या विद्युतलहरी मोजणारी एक चाचणीही निकालात धरली गेली. वाक्यं ऐकवायची आणि लहरींवरून ती गोष्ट तिनं स्वतः अनुभवली की नाही ते ठरवायचं, अशी ती चाचणी. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं 'सेल्वी' खटल्यात निकाल दिला की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची अशी चाचणी कुणावरही संमतीशिवाय करता येणार नाही. मारहाण सोसलेल्या बाईच्या बाबतीतही तोच नियम आपण पाळला पाहिजे. तिचा मेंदू तिचा आहे. तपासणी करायची की नाही हे तिनं ठरवायचं.

तिसरी भीती तुम्हा सगळ्यांना ओळखीची आहे. "हिचं डोकं फिरलंय" हे सासरचं जुनं अस्त्र. उद्या नवऱ्याचा वकील म्हणेल, तुमच्याच कागदावर मेंदूची इजा लिहिली आहे, मग हिच्या साक्षीवर विश्वास कसा ठेवायचा, मुलांचा ताबा हिच्याकडे कसा द्यायचा? त्याला उत्तर तयार ठेवा. इजा ही हिंसेची खूण आहे, ती ज्यानं केली त्याच्या खात्यावर जाते. तारीख न आठवणं म्हणजे खोटं बोलणं नाही. आणि विश्रांती, उपचार व सुरक्षितता मिळाली तर सुधारणा होते.

आपल्या केंद्रात काय करता येईल

यासाठी आपल्याला यंत्र लागत नाही. नेमके प्रश्न लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्यात सर्वांत अधिक आढळणारा प्रकार थप्पड मारण्याचा आहे. सर्वेक्षणात कापणं, भाजणं, हाड मोडणं, दात पडणं यांविषयी विचारतात. शुद्ध गेली का, हे वेगळं विचारत नाहीत. ते आपण विचारू या.

"ताई, डोक्याला, तोंडावर, कानावर मार लागला होता का? कुणी जोरानं हलवलं, ढकललं होतं का? गळा दाबला, तोंडावर उशी धरली होती का? तेव्हा अंधारी आली, शुद्ध गेली, मधलं काही आठवेनासं झालं असं कधी झालं? किती वेळा? त्यानंतर डोकं दुखणं, चक्कर, विसरणं वाढलं का?" उत्तरं तिच्या शब्दांत, तारखेसह लिहा.

सारख्या उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटका, बोलणं अडखळणं, एका बाजूची शक्ती जाणं, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणं, आणि गळा दाबल्यावर आवाज बसणं, गिळायला किंवा श्वासाला त्रास होणं, यांतलं काहीही असेल तर थेट रुग्णालय. अर्ज नंतर लिहू. तपासणारे डॉक्टर 'मुका मार' एवढंच लिहीत असतील तर विनंती करा की शुद्ध हरपल्याचा, आठवण पुसल्याचा, गळा दाबल्याचा तपशील कागदावर यावा. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र उभं राहिलं. मारहाण हा आरोग्याचा प्रश्न म्हणून सरकारी रुग्णालयात हाताळता येतो हे त्यानं दाखवलं आहे.

कायद्याचं म्हणाल तर हाड मोडलेलं नसलं की पोलीस 'साधी दुखापत' लावतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये जबर दुखापतीची व्याख्या आहे. जिवाला धोका झाला असेल, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना असतील वा नेहमीचे व्यवहार करता येत नसतील, तर ती जबर दुखापत ठरते. जुन्या कायद्यात ही मुदत वीस दिवसांची होती. ज्या बाईला डोकं धरून पंधरा दिवस चूल पेटवता आली नाही, कामावर जाता आलं नाही, तिच्यासाठी हे कलम आहे. म्हणून पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी हव्यात. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आरोग्याला अपाय हाही शारीरिक छळ आहे, औषधोपचाराचा खर्च मागता येतो.

शेवटची गोष्ट आपल्या पद्धतीची. एका बैठकीत दोन तास समुपदेशन, पाच कागद आणि सहा तारखा हे तिला झेपणार नाही. बैठक छोटी ठेवा, खोलीत गोंगाट नको, एका वेळी एकच गोष्ट सांगा, तारीख कागदावर लिहून द्या, आदल्या दिवशी फोन करा. ती आली नाही तर 'तिलाच गरज नाही' असा शेरा मारू नका.

मागण्याही करायला हव्यात. कौटुंबिक हिंसेच्या प्रत्येक वैद्यकीय नोंदीत डोक्याचा आणि गळ्याचा वेगळा रकाना हवा. सरकारी रुग्णालयात पुढची तपासणी फुकट हवी. आणि आपल्या देशात मेंदूविज्ञानावर पैसा खर्च होतो, तेव्हा मार खाणाऱ्या बायकांच्या मेंदूचा अभ्यास, त्यांच्या संमतीनं आणि त्यांच्या उपयोगासाठी, त्या यादीत हवा. ही मागणी प्रयोगशाळांकडून आपोआप येणार नाही. नोंदवह्या आपल्याकडे आहेत. त्यांत उद्यापासून हे प्रश्न वाढवू या आणि सहा महिन्यांनी पुन्हा भेटू तेव्हा उत्तरं समोर ठेवू या.

एवढं बोलून थांबते. तुमच्या शंका विचारा.